आज्यांना सगळं ठाऊक होतं

आमच्या पालीत सोयरीक शोधायला फार लांब जावं लागत नसे. बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना, बिंदुसरेच्या धरणाजवळ, बालाघाटाच्या डोंगराला टेकून बसलेलं हे गाव. बैलगाडी सकाळी जुंपली तर दिवस मावळायच्या आत पोचेल अशाच गावी लेक द्यायची, आणि सून आणायची तीही तेवढ्याच टापूतून. एवढ्या टापूत ओळखीची घरं ती किती असणार? आणि त्यांतलं सगळ्यांत ओळखीचं घर कुणाचं, तर मामाचं.

म्हणून भावाच्या घरी पाळणा हलला आणि पाळण्यात मुलगी असली, की बारशालाच आत्या पुढे सरायची. मुलीच्या पायात वाळे घालायची आणि म्हणायची, "ही मही हाय बरं का. दुसऱ्या कुणाला सबूद देऊ नका." भावजय हसायची, भाऊ काही बोलायचा नाही, पण शब्द पडलेला असायचा. पुढे पंधरा-सोळा वर्षं दोन्ही घरं तो शब्द जपायची. जात्यावर बसलेल्या बायासुद्धा ओव्यांतून भावाची लेक सून करून आणायची हौस गायच्या. बहीण-भाऊ व्याही झाले की माहेरचा रस्ता कधी बुजत नाही, असं त्यांना वाटे. आणि ते खोटं नव्हतं.

घरचं घरात, असं आमच्याकडे म्हणत.

घरचं घरात, म्हणून याद्यांच्या बैठकी लांबत नसत. सुपारी फोडायला बसले तरी सतरंजीच्या दोन्ही काठांना तीच माणसं, फक्त आज निम्मी मुलाकडची आणि निम्मी मुलीकडची. घरचं घरात, म्हणून नव्या सुनेला सासूशी बोलायची भीती नसे. सासूला आत्या म्हणायची वेगळी सवय लावावी लागत नसे, ती आत्याच होती. घरचं घरात, म्हणून जावई सासऱ्यापुढे अवघडून बसत नसे. लहानपणी ज्याच्या खांद्यावर बसून कपिलधारची जत्रा बघितली, त्याच्यापुढे अवघडायचं कसं? घरचं घरात, म्हणून भांडण झालं तर ते मिटवायला पंच लागत नसत. आजी दोन्ही घरांना सामाईक होती. ती एकदा ढेळजेत येऊन बसली आणि तंबाखूची चंची सोडली, की भांडण संपलं.

गरिबीतही हेच उपयोगी पडे. १९७२ च्या दुष्काळात बायाबापड्यांनी खडी फोडली, सुकडी आणि मिलोच्या भाकरीवर दिवस काढले. त्या सालात परक्याच्या घरी देण्याघेण्याचं बोलणं करायची ऐपत कुणाची होती? मामांनी आपल्या लेकी नारळ आणि साडीवर भाच्यांना दिल्या. पुढे ऊसतोड आली. दसरा-दिवाळी उरकली की घरंच्या घरं कारखान्याच्या वाटेला लागायची. मुकादम उचल द्यायचा ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. वयात आलेली पोर फडावरच्या कोपीत ठेवायची धास्ती, गावात मागे ठेवायचीही धास्ती. मग तिचं लवकर उरकायचं, आणि लवकर उरकायचं तर भरवशाच्या घरी, आत्याच्या घरी. तिच्या कोवळ्या वयाचा विचार मागे पडायचा. पोर डोळ्यांसमोर राहील, एवढंच आई-बापांना दिसायचं.

सोयरिकीचे नियम नव्हते असं मात्र नाही. नियम कडक होते आणि पोरासोरांनासुद्धा पाठ होते. आडनाव एक? नको. देवक एक? नको. भावकीतली, सात पिढ्यांमागे एका बापाची? ती बहीण, नावही काढू नको. आत्याची मुलगी? तीही नको, कारण ज्या घरी आपली लेक दिली, त्या घरची लेक उलटी आणायची नाही. मामाची मुलगी? ती मात्र हक्काची. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात महाराष्ट्रातली ही एकाच बाजूने चालणारी रीत नोंदवलेली आहे. उत्तरेत असं लग्न पाप मानतात, दक्षिणेत ते सर्रास होतं आणि आपण मधल्या मुलखातले. कर्नाटक-तेलंगणाच्या शिवेकडे गेलं की मामा-भाचीचंही लग्न लागतं. आमच्या शेजारच्या मुसलमान घरांत चुलत आणि मावस भावंडांतही रिश्ते होत. आणि कुणी शंका काढलीच तर आजीकडे उत्तर तयार असे: सुभद्रा अर्जुनाची कोण होती? मामाची, वसुदेवाचीच लेक ना? पुढे १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला. त्याने आईकडून तीन आणि बापाकडून पाच पिढ्यांच्या आत लग्नाला मनाई केली, पण जिथे तशी रूढी चालत आली आहे तिथे मोकळीकही ठेवली. त्यामुळे आमच्याकडे कायद्याने काही अडलं नाही.

पण त्याच घरांत, त्याच माळवदाखाली, काही गोष्टी मोठ्याने बोलल्या जात नसत.

त्या बोलल्या जायच्या रात्री. दिवा मालवून, अंगावर वाकळ ओढून आम्ही पोरं आजीच्या कुशीत शिरलो, की ती कधीतरी आपली बाळंतपणं बोटांच्या पेरांवर मोजायची. "थोरला तुहा चुलता. मंग एक पोर झाली, देखणी व्हती, पर बोललीच न्हाई कधी. मंग तुहा बाप. मंग दोघं, दोघंबी बाळसं धरल्यावर पिवळे पडले अन् गेले. मंग तुही आत्या." एवढं म्हणून ती पुढच्या पेरावर अंगठा ठेवायची आणि थांबायची. आम्ही विचारायचो, "मंग?" ती म्हणायची, "मंग नीज."

आठवून बघा, प्रत्येक आळीत असं एक घर होतं. एका घरात तीन भावंडं मुकी-बहिरी, आणि चौथं खणखणीत बोलणारं. एका घरातल्या दोघा भावांना लहानपणापासूनच सांज झाली की दिसेनासं व्हायचं, आणि तिशीत दिवसाही काठी लागली. एका घरात लेकरू वर्षभर छान रांगायचं, मग मान धरायचीसुद्धा विसरायचं. एका घरात मुलं फिकी पडत, पोट मोठं होई, आणि चार-पाच वर्षांत दिवा विझे. गावानं त्या घरांना नावं ठेवली होती. त्या घरी सोयरीक करताना लोक दोनदा विचार करत, पण का, ते कुणाला नीट सांगता येत नसे.

सगळी लेकरं रक्तातल्या दोषानेच गेली असं म्हणणं चूक ठरेल. त्या काळी गोवर, हगवण, धनुर्वात आणि रिकामं पोट यांनीच किती लेकरं नेली. पण एकाच घरात एकच दुखणं पुन्हा पुन्हा येत होतं, ते वेगळं होतं. आणि त्याचा जाब कुणाला विचारायचा, हे ठरलेलं होतं. पाचवी पुजताना पाटा-वरवंटा मांडून, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवत, सटवाईने रात्री येऊन बाळाच्या कपाळी लिहावं म्हणून. तिने लिहिलं ते लिहिलं. पण सटवाईला कोण बोलणार? मग बोल लागायचा बाळंतिणीला. हिची कूसच अशी. हिला बाधा आहे. हिने गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही. मग गंडेदोरे, अंगारे, नवस, आणि तरीही काही झालं नाही तर दुसरी बायको. त्या पहिलीचं पुढे काय झालं, हेही आजीला ठाऊक असे. तेही ती रात्रीच सांगे.

आता डॉक्टर जे सांगतात ते ऐकल्यावर पहिल्यांदा त्या बायाच आठवतात, कारण त्यांचा एकटीचा दोष कधीच नव्हता. शरीर कसं घडायचं याच्या सूचना जनुकांत असतात आणि बहुतेक जनुकं जोडीने येतात, एक आईकडून, एक बापाकडून. प्रत्येक माणसाच्या अंगात काही बिघडलेली जनुकं दडलेली असतात, धडधाकट पैलवानाच्याही. जोडीतलं दुसरं चांगलं असलं की काम भागतं आणि माणसाला आयुष्यभर पत्ता लागत नाही. अशा माणसाला वाहक म्हणतात. आजार होतो तो आई आणि बाप दोघांकडून तेच बिघडलेलं जनुक बाळाकडे आलं तर.

हे समजायला आमच्या पिढीला वाकळ पुरेशी आहे. जुनं लुगडं टाकायचं नसे. ते धुऊन, खळ काढून, उन्हात ताणून वाकळेला लागे. त्या काळचं लुगडं बसायच्या जागी आणि निऱ्यांच्या कडेला विरायचं. शहाणी बाई वाकळेच्या दोन पदरांना दोन वेगळी लुगडी घ्यायची, म्हणजे एकाचा विरलेला भाग दुसऱ्याच्या घट्ट विणीखाली झाकून जाई. दोन्ही पदर एकाच लुगड्याचे, एकावर एक तसेच ठेवले, तर विरलेल्यावर विरलेलं येई आणि नेमकी तिथूनच थंडी आत शिरे. मामाची मुलगी आणि आत्याचा मुलगा हे एकाच आजी-आजोबांचे दोन पदर. आजोबांच्या रक्तातलं एखादं विरलेलं सूत दोघांकडेही उतरलेलं असू शकतं. ते दोघांकडे असेलच असं नाही. पण असलं, तर दर बाळंतपणाला चारात एक शक्यता की बाळ आजारी, दोन शक्यता की बाळ आई-बापांसारखं वाहक, एक शक्यता की पुरतं मोकळं. आणि हा हिशेब दर खेपेला नव्याने सुरू होतो. पहिलं आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं नाही.

आता आपले जुने नियम या हिशेबावर घासून बघावेत. सात पिढ्यांमागे गाठ असलेली भावकीतली पोर आपण बहीण मानली. तिचा-आपला रक्ताचा जुळता वाटा सरासरीने आठ हजारांत एकाहूनही कमी. आणि जी हक्काची म्हणून घरी आणली, त्या मामाच्या मुलीशी वाटा जुळतो आठांत एक. मामा-भाचीत तो चारांत एक होतो. दूरच्या, म्हणजे पणजोबा सामाईक असलेल्या भावंडांत बत्तिसांत एक. आडनाव बापाचं चालतं म्हणून आपण बापाची बाजू सात पिढ्या मोजली. रक्ताला आडनाव ठाऊक नसतं, त्याच्या हिशेबात आईचं माहेर तेवढंच जवळ. शिवाय पिढ्यान् पिढ्या मामाचीच केली, आजोबांनीही, बापानेही, मुलानेही, तर हा वाटा आणखी चढत जातो.

तरीही घाबरून जायचं कारण नाही. कुठल्याही जोडप्याच्या शंभर बाळांत दोन-तीन बाळांना जन्मतःच काही गंभीर दोष असतो. आते-मामे भावंडांच्या लग्नात हा आकडा साधारण चार ते सहापर्यंत जातो. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात पाकिस्तानी वंशाची पुष्कळ कुटुंबं राहतात आणि त्यांच्यात चुलत-मावस, आते-मामे भावंडांची लग्नं रूढ आहेत. तिथल्या हजारो बाळांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला, त्यातही शंभरात तीनाचे सहा असंच दिसलं. म्हणजे धोका दुपटीच्या आसपास वाढतो आणि तरीही शंभरातली नव्वदहून जास्त बाळं ठणठणीत असतात. आपल्या घरांत आते-मामे जोडप्यांची धडधाकट मुलं, नातवंडं खेळताना दिसतात ती म्हणूनच. कुणी नात्यात लग्न केलं म्हणून त्याच्याकडे बोट दाखवू नये, आणि झालेल्या लग्नाने कुणी धास्तावूही नये. पण ज्या घरात ते दुखणं एकदा येऊन गेलेलं आहे, त्या घराला हा शंभराचा हिशेब लागू होत नाही. तिथे चारांत एकाचा हिशेब असू शकतो, आणि तिथेच विचारपूस करायला हवी.

ही धास्ती मोठमोठ्यांनाही लागलेली होती. चार्ल्स डार्विन याने १८३९ साली आपल्या मामाच्याच मुलीशी, एम्माशी लग्न केलं. त्यांना दहा मुलं झाली, त्यांतली तीन लहानपणीच गेली. लाडकी अ‍ॅनी दहाव्या वर्षी गेली. आपल्या नात्यातल्या लग्नामुळे तर मुलं अशक्त निपजली नाहीत ना, ही रुखरुख त्याला आयुष्यभर होती. चुलत-मामे भावंडांच्या लग्नांची माहिती खानेसुमारीत विचारावी म्हणून १८७० मध्ये त्याने पार्लमेंटपर्यंत खटपट केली, ती मान्य झाली नाही. पुढे १९०२ मध्ये आर्चिबाल्ड गॅरड या डॉक्टरला एका दुर्मीळ आजाराच्या रुग्णांत आई-बाप एकमेकांची चुलत-मामे भावंडं असल्याचं वारंवार आढळलं, आणि आजार असे दोन बाजूंनी उतरतात हे उलगडू लागलं. आपल्या आज्यांना जे पेरांवर मोजून ठाऊक होतं, ते कागदावर यायला एवढी वर्षं लागली.

कुणी म्हणेल, आम्ही नात्यात करतच नाही, परक्यात करतो. पण आपला परका किती परका असतो? जात तीच, पोटजात तीच, जिल्हा तोच, आणि कित्येक पिढ्यांमागे मूठभर घरांतून वाढलेला समाज. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी भारतातल्या अनेक समाजांचा अभ्यास करून दाखवलं आहे की शतकानुशतकं आपसांतच लग्नं झाल्याने काही दोष त्या त्या समाजात दाटून राहिले आहेत. तेलंगण-आंध्रातल्या वैश्य समाजात काहींचे स्नायू भूल देताना वापरायच्या एका औषधाने फार वेळ लुळे पडून राहतात, हे त्याचं गाजलेलं उदाहरण. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल, काही समाजांत थॅलेसेमिया. म्हणून नातं असो नसो, रक्ताची विचारपूस सगळ्यांनीच करावी. नात्यातल्यांनी ती टाळू नये, एवढंच.

विचारपूस करायची कशी? आधी साधी रक्ततपासणी. सीबीसी आणि एचपीएलसी या दोन तपासण्यांत थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचे वाहक बहुतेक ओळखू येतात. वाहक असणं म्हणजे आजार नव्हे. तो माणूस ऊस तोडतो, कुस्ती खेळतो, ऐंशी वर्षं जगतो. दोघांतला एकच वाहक असेल तर बाळाला तो मोठा आजार होत नाही. दोघेही असतील तर मात्र मूल होऊ देण्याआधी डॉक्टरांशी नीट बोलावं. थॅलेसेमियाच्या बाळाला सहा महिन्यांनंतर फिकेपणा दिसू लागतो आणि मग दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. बहिरेपण, अंधत्व, मतिमंदत्व घरात असेल तर ज्याला ते आहे त्याच्यापासून तपासणी सुरू करावी, म्हणजे नेमकं कुठलं जनुक बिघडलं ते सापडायला सोपं जातं. सुरुवात गावच्या आशाताईपासून, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करावी. पुढे बीडचं जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे, संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आहे. जनुकांच्या बारीक तपासण्यांसाठी कुठे जायचं ते तिथले डॉक्टर सांगतात. रक्ताच्या अशा आजारांसाठी मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात केंद्र सरकारची खास संस्था आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांची तपासणी होते. ज्या घरात एक मूल आजारी आहे, त्यांनी तपासायला येणाऱ्या पथकापासून ते लपवू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियाही आले आहेत, तेव्हा त्या मुलांना सवलतींचा हक्क आहे.

पोटातल्या बाळाची तपासणी म्हटलं की बीड जिल्ह्यात लोक दचकतात, आणि त्याला कारण आहे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे आपल्याकडे फक्त ८०७ मुली उरल्या होत्या, सगळ्या राज्यात सर्वांत कमी. ते आपल्या जिल्ह्याचं मोठं दुःख आहे. मुली कमी झाल्या तसं मुलांना नवऱ्या मिळेनात, आणि काही घरांनी पुन्हा मामाच्या दाराकडे पाहिलं. पण गर्भलिंगनिदानाचा कायदा मुलगा की मुलगी हे बघायला आणि सांगायला मनाई करतो. आनुवंशिक आजार ओळखण्यासाठी, कायद्याने घातलेल्या अटी पाळून केलेल्या तपासणीला तो मनाई करत नाही. गरोदरपणाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अशी तपासणी होऊ शकते. ती करायची की नाही, पुढे काय करायचं, ते त्या आईने आणि बापाने ठरवायचं. तिथे भावकीचं काम नाही.

आणि ज्या घरात असं मूल आहे, तिथे बोल कुणालाच लावू नये. आमच्याच पालीत दत्ता आणि संध्या बारगजे यांनी 'इन्फंट इंडिया'मध्ये एचआयव्ही असलेल्या मुलांना घर दिलं. तो आजार वेगळा, आनुवंशिक नव्हे. पण रक्तातून आलेल्या दुखण्यात लेकराचा काय गुन्हा, हे त्या मुलांकडे बघून कळतं.

आता आजीकडे वळू, कारण आनुवंशिक आजारांचे डॉक्टर पहिल्यांदा तिचीच चौकशी करतात. दवाखान्यात गेलं की यंत्राआधी ते एक कोरा कागद पुढे ओढतात आणि तीन पिढ्यांचं झाड काढायला बसतात. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. नवरा-बायकोत एक रेघ, आणि ते नात्यातले असतील तर दोन रेघा. आजारी असेल तो चौकोन काळा भरायचा. गेलेला असेल त्याच्यावर तिरकी रेघ मारायची. मग विचारतात, आईच्या बहिणींची मुलं किती? त्यांतली लहानपणी गेली किती? कशाने? गर्भपात झाले होते का? आजी-आजोबा एकमेकांचे कोण? आणि पोरं-सुना एकमेकांकडे बघत राहतात, कारण त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

वंशावळ आपल्याकडे नव्हती असं नाही. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पणजोबाच्या पणजोबाचं नाव सापडतं. पण त्या वह्यांत प्रामुख्याने पुरुष आहेत, वाढलेले, तीर्थाला गेलेले. सहा महिन्यांची होऊन गेलेली पोर तिथे नाही. मुकं राहिलेलं लेकरू तिथे नाही. ज्या बाईवर सवत आणली तिची पाच बाळंतपणं तिथे नाहीत. ती सगळी नोंद फक्त बायांच्या बोटांच्या पेरांवर होती. डॉक्टरांच्या कागदावरचे काळे चौकोन आणि काळे गोल भरायला तीच नोंद लागते.

आमच्या पिढीने ती नोंद अर्धीमुर्धी ऐकलेली आहे. आम्ही वाकळेखाली जागे होतो. घरातली शेवटची जाणती माणसं आता ऐंशीपुढे गेली, आणि आमच्या नातवंडांची लग्नं ठरताहेत. म्हणून नागपंचमीला लेकी माहेरी आल्या की, दिवाळीला सगळे जमले की, थोरल्या आत्याजवळ, मावशीजवळ, मामीजवळ बसावं आणि दिवसाउजेडी विचारावं. तुमची किती झाली, किती राहिली? गेली ती किती महिन्यांची होऊन गेली? कोण ऐकत नव्हतं, कोणाला दिसत नव्हतं, कोण पिवळं पडत होतं? कुणाचं लग्न कुणाच्या मामाकडे झालं होतं? ऐकलं ते वहीत लिहावं, दोन्ही घरांचं लिहावं, आणि ती वही लग्न ठरलेल्या पोरापोरीच्या हाती द्यावी. आपण सोयरिकीत सोनं विचारलं, शेत विचारलं, विहिरीला पाणी किती ते विचारलं, देवक विचारलं. त्याच मायेने हेही विचारावं.

सोयरीक मामाकडे करायची की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण मूल होऊ द्यायच्या आधी दोन्ही घरांतली गेलेली लेकरं मोजावीत, दोघांचंही रक्त तपासावं, आणि डॉक्टर जे सांगतील ते नवरा-बायकोने शेजारी बसून ऐकावं. सुनेला एकटीला कुणी पाठवू नये.